भावजयीची हिशेबवही

‘डॉक्टर हू’ ही इंग्लंडच्या बीबीसीची दूरचित्रवाणी-मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. मुलांना खेळीमेळीने थोडा इतिहास आणि थोडे विज्ञान शिकवावे, असा तिच्या चालकांचा मूळ हेतू होता. ‘डॉक्टर’ म्हणवणारा परग्रहावरचा एक गृहस्थ आणि त्याचे यान, एवढे तिचे भांडवल. यान म्हणजे एक निळे खोके. पूर्वी इंग्लंडच्या रस्त्यांवर पोलिसांना टेलिफोन करण्यासाठी अशी खोकी उभी असत. त्यात बसून हा डॉक्टर भूतकाळात आणि भविष्यात वाटेल तिथे जातो. असल्या कल्पित कथांकडे आम्ही एरवी फारसे वळत नाही. पण या मालिकेचा ५ जून २०१० रोजी दाखवलेला एक भाग आमच्या तरुण सहकाऱ्यांनी आग्रहाने आम्हांला पाहायला लावला, आणि त्यातून जे वाचन झाले व जे विचार सुचले, ते या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

हा भाग रिचर्ड कर्टिस यांनी लिहिला असून त्याचा नायक हॉलंडचा चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा आहे. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात डॉक्टर आणि त्याची सहप्रवासी ॲमी व्हिन्सेंटची चित्रे पाहत असतात. ओव्हेर गावच्या चर्चचे चित्र समोर येते आणि त्यातल्या खिडकीत डॉक्टरला एक राक्षसी तोंड दिसते. झाले, दोघेजण तडक १८९० सालात! तिथे भेटतो तो दारूच्या एका पेल्यापायी आपले चित्र देऊ करणारा आणि तरीही हाकलला जाणारा व्हिन्सेंट. गावावर एक अदृश्य जनावर आलेले असते. ते इतर कोणाला दिसत नाही, फक्त व्हिन्सेंटला दिसते. शेवटी ते मरते, आणि मरताना कळते की ते बिचारे आंधळे होते, त्याच्या कळपाने त्याला मागे टाकले होते आणि ते भेदरून धावत होते. मग डॉक्टर व्हिन्सेंटला खोक्यात बसवून २०१० सालच्या त्याच संग्रहालयात आणतो, आणि तिथल्या जाणकाराला विचारतो, या चित्रकाराबद्दल आपले मत काय? तो जाणकार भरल्या मनाने सांगतो की जगातल्या थोर चित्रकारांत हा श्रेष्ठ. मागे उभा असलेला व्हिन्सेंट ते ऐकतो आणि रडू लागतो. पाहणारेही रडतात, आमच्याबरोबर बसलेले रडले, आणि आमचेही डोळे कोरडे राहिले नाहीत हे कबूल करायला हरकत नाही.

ॲमीला वाटते, आता हा आत्महत्या करणार नाही. ती धावत संग्रहालयात जाते, नवी चित्रे असतील म्हणून. नवी चित्रे नसतात. माणूस सदतिसाव्या वर्षीच गेलेला असतो. लेखकाने इथे सोपा शेवट केला नाही, याबद्दल आम्ही त्याला मानतो. स्तुतीने दुखणे बरे होत नाही, एवढे त्याला ठाऊक आहे. भाग संपल्यावर, ज्यांना अशा मनोव्यथेने ग्रासले आहे त्यांच्यासाठी मदतीचा दूरध्वनी बीबीसीने दिला होता, हेही योग्यच झाले.

इतिहासाच्या बारीकसारीक चुका या भागात आहेत. आर्ल गावचा रात्रीचा कॅफे आणि ओव्हेरचे चर्च यांत शेकडो मैलांचे अंतर आहे. एक फ्रान्सच्या दक्षिणेला, दुसरे पॅरिसच्या उत्तरेला. सूर्यफुलांची प्रसिद्ध चित्रे १८८८ च्या ऑगस्टमधली आहेत, १८९० ची नव्हेत. नाटकवाल्यांना एवढी मुभा आम्ही देतो. आमची तक्रार निराळी आहे. या कथेत व्हिन्सेंट आणि ते संग्रहालय यांच्यामध्ये निळ्या खोक्याखेरीज काहीच नाही. १८९० साली कोणी विचारीत नव्हते आणि २०१० साली लोक रांगा लावतात. मधली एकशेवीस वर्षे कशी गेली? जणू कीर्ती हे झाडावरचे फळ आहे, ते आपोआप पिकले आणि पडले. ज्या दोन माणसांनी ही वाट पायांनी चालून काढली, त्यांतले एकही पात्र होऊन आपल्यापुढे येत नाही. एक व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ थिओ आणि दुसरी थिओची बायको योहाना.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ चा, बाप पाद्री. सोळाव्या वर्षी तो गुपिल नावाच्या चित्रे विकणाऱ्या पेढीत हेग येथे नोकरीला लागला. लंडन, पॅरिस येथील शाखांत काम केले आणि १८७६ साली तिथून त्याला काढून टाकले. मग शाळामास्तर, मग पुस्तकाच्या दुकानात कारकून, मग धर्मशास्त्राचा अर्धवट अभ्यास. १८७८ च्या अखेरीस तो बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळशाच्या मुलखात धर्मोपदेशक म्हणून गेला.

इथे आम्हांला जरा थांबले पाहिजे, कारण आम्ही तीस वर्षे कोळसा-कामगारांच्या संघटनेत घालवली आहेत. शाळा लवकर सुटली. खाणीत लोखंडी पिंजऱ्यातून खाली जाणे म्हणजे काय, हे मात्र पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८७९ च्या एप्रिलमध्ये व्हिन्सेंट मार्कास नावाच्या खाणीत सुमारे सातशे मीटर खोल उतरला आणि सहा तास आत होता. त्याबद्दल त्याने थिओला जे पत्र लिहिले, ते खाणीच्या इन्स्पेक्टरच्या अहवालाइतके नेमके आहे. कोळशाच्या थरात एकावर एक पाडलेली कप्पेवजा बिळे, त्यांत एकेक माणूस आडवा होऊन खणतो आहे. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात मुले आणि मुली गाड्या भरताहेत. आणि इतक्या खोल जमिनीखाली एक तबेला, त्यात सातेक म्हातारे घोडे. घोड्यांची संख्या लिहिणारा हा उपदेशक आम्हांला तेव्हाच आपला वाटला. त्याच महिन्यात, १७ एप्रिल १८७९ रोजी, जवळच्या फ्रामरी गावी आग्राप खाणीत वायूचा स्फोट होऊन १२१ माणसे मेली. आमच्याकडे २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाळा खाणीत पाणी घुसून ३७५ माणसे गेली, त्याची ज्यांना आठवण आहे त्यांना अशा आकड्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

व्हिन्सेंटने आजारी आणि भाजलेल्या कामगारांची शुश्रूषा केली, आपले कपडे वाटून टाकले, बरी खोली सोडून झोपडीत गवतावर झोपू लागला. धर्मसमितीला हे शोभेसे वाटले नाही. सहा महिन्यांची मुदत संपल्यावर तिने त्याची नेमणूक पुढे चालवली नाही, आणि कारण दिले ते असे की याच्या अंगी वक्तृत्व नाही. व्याख्यानमालेत हे सांगताना आम्हांला थोडे हसू येते. वक्तृत्व असलेले किती जण त्या खाणीत उतरले होते, हे समितीच्या कागदात नाही.

बोरिनाजमध्येच, १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार होण्याचे ठरवले. पहिल्या चित्रांत बर्फातून कामावर निघालेले खाणकामगार आहेत आणि पाठीवर कोळशाची पोती घेऊन वाकलेल्या बायका आहेत. पुढे न्यूनेन गावी विणकर आणि त्यांचे माग, आणि १८८५ साली ‘बटाटे खाणारे’. ताटात घातलेला हात हाच जमीन खणणारा हात आहे, म्हणजे या लोकांनी आपले अन्न इमानाने कमावले आहे, हे आपल्याला दाखवायचे होते, असे त्याने भावाला कळवले.

आणि त्याचे स्वतःचे अन्न? ते थिओ पुरवीत होता. थिओ त्याच गुपिल पेढीत पॅरिसला होता. पुढे ती बूसो-व्हालादों या नावाने चालू लागली. तो व्हिन्सेंटला दरमहा पैसे पाठवी. पहिल्याने शंभर फ्रँक, पुढे साधारण दीडशे, शिवाय रंग आणि कापड वेगळे. ही रक्कम किती मोठी? आर्लचा टपालखात्यातला रूलँ, ज्याची निळ्या गणवेशातली चित्रे प्रसिद्ध आहेत, त्याला महिना १३५ फ्रँक पगार होता आणि तेवढ्यात बायको व तीन मुले पोसायची होती. तेव्हा ‘उपाशी चित्रकार’ ही जी मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे आहे, ती जरा तपासून घ्यावी. व्हिन्सेंट उपाशी राही हे खरे, पण पुष्कळदा ते पैसे रंगांत घातल्यामुळे.

हे पैसे दानधर्माचे असावेत, हे त्याला सहन होत नव्हते. १८८४ च्या आरंभी त्याने थिओपुढे एक करार मांडला: मी काढीन ती चित्रे तुझी, आणि तू पाठवशील तो पैसा ही माझी कमाई. आम्ही संघटनेची माणसे या ठिकाणी कान टवकारतो. भाऊ भावाला म्हणतो आहे, मला पोसू नकोस, मला मजुरी दे. आमच्या समजुतीप्रमाणे व्हिन्सेंटच्या साऱ्या आयुष्यातली ही एक मोठी घटना आहे. कापलेल्या कानाची गोष्ट जगाने जितकी उगाळली, तिच्या दहाव्या हिश्शानेही हिच्याकडे पाहिले नाही. पुढची सगळी चित्रे, सूर्यफुले, तारांकित रात्र, सगळी या करारातली आहेत. ती एकट्याची नव्हती, हे व्हिन्सेंट स्वतःच थिओला बजावून सांगत असे.

कानाबद्दल थोडक्यात. आर्लला चित्रकारांनी एकत्र राहून एकत्र काम करावे, खर्च वाटून घ्यावा, असा त्याचा बेत होता. म्हटले तर सहकारी संस्थाच. सभासद एकच आला, गोगँ, आणि दोन महिन्यांत, २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री, तो बेत मोडला व व्हिन्सेंटच्या आजाराचा पहिला मोठा झटका आला. पुढच्या वर्षी तिथल्या तीसेक रहिवाशांनी अर्ज करून याला गावात ठेवू नका अशी मागणी केली आणि पोलिसांनी त्याचे घर बंद केले. मे १८८९ पासून वर्षभर तो सां-रेमीच्या वेड्यांच्या इस्पितळात राहिला.

आता त्या वर्षीच्या वसंतातली दुसरी घटना. एप्रिल १८८९ मध्ये थिओचे लग्न झाले. मुलगी ॲम्स्टरडॅमची, योहाना बाँगर; जन्म १८६२, इंग्रजी शिकवणारी, भाषांतरे करणारी. ३१ जानेवारी १८९० रोजी तिला मुलगा झाला आणि त्याचे नाव काकाचे, व्हिन्सेंट, ठेवले. बाळासाठी काकाने निळ्या आभाळावर फुललेली बदामाची फांदी काढून पाठवली. योहानाने थोरल्या दिराला पहिल्यांदा पाहिले ते १७ मे १८९० रोजी. आजारी माणूस येणार असे तिला वाटत होते. दारात उभा राहिला तो रुंद खांद्यांचा, तजेलदार चेहऱ्याचा गडी. तिने हे पुढे लिहून ठेवले आहे.

तीन दिवसांनी तो पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी डॉक्टर गाशे यांच्या देखरेखीखाली राहायला गेला आणि सत्तर दिवसांत सत्तरच्या आसपास चित्रे काढली. त्या दिवसांत थिओच्या घरी काय चालले होते, हे बीबीसीच्या भागात नाही. थिओने मालकांकडे पगारवाढ मागितली होती आणि मालक दाद देत नव्हते. नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढावा की काय, या विचारात तो होता. बाळ आजारी होते. ६ जुलै रोजी व्हिन्सेंट पॅरिसला त्यांच्याकडे आला, तेव्हा घरात याच गोष्टीवरून ताण होता. त्या पगारावर आता चार माणसे जगत होती, आणि त्यांतला चौथा आपण, हे व्हिन्सेंटला न सांगता कळण्यासारखे होते. परत गेल्यावरच्या त्याच्या पत्रांत ती काळजी आहे. २७ जुलै रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडली आणि २९ जुलैला पहाटे, थिओ जवळ असताना, तो गेला. (गोळी गावातल्या पोरांच्या हातून सुटली असावी, असे दोघा चरित्रकारांनी २०११ साली मांडले, बहुतेक अभ्यासकांना ते पटलेले नाही.) पगाराच्या भांडणाने हा माणूस मेला, असे आम्ही म्हणणार नाही. दुखणे जुने होते आणि माणसाच्या मरणाचे एकच कारण सांगणाऱ्याचा भरवसा धरू नये. आम्ही एवढेच नोंदवतो की नाटककाराला ज्या जागी अदृश्य जनावर आणावे लागले, त्या जागी इतिहासात एक न मिळालेली पगारवाढही उभी आहे. तीही येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसत नव्हती.

स्तुती मात्र कानावर आली नव्हती असे नाही. १८९० च्या जानेवारीत ओरिए नावाच्या तरुण टीकाकाराने पॅरिसच्या ‘मर्क्यूर द फ्रान्स’मध्ये त्याच्यावर गौरवाचा लेख लिहिला. त्याच सुमारास ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात त्याची सहा चित्रे लागली आणि ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र ॲना बॉक या चित्रकर्तीने चारशे फ्रँकांना घेतले. मार्चमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची दहा चित्रे होती. ती तिथली सर्वोत्तम, असे मोने म्हणाल्याचे थिओने कळवले. व्हिन्सेंटने ओरिएचे आभार मानले आणि लिहिले की हा मान माझ्याआधी इतरांना द्यायला हवा होता. आणखी लेख नकोत, असेही त्याने सुचवले. तेव्हा संग्रहालयातला तो प्रसंग खरा घडला असता तर व्हिन्सेंट रडला असता की अवघडून कोपऱ्यात उभा राहिला असता, याबद्दल आम्हांला शंका आहे. आमच्या चळवळीत शोकसभा पुष्कळ होतात. जिवंतपणी ज्याच्या अर्जाला उत्तर दिले नाही, त्याच्या तसबिरीला हार घालून अर्धा अर्धा तास बोलणारे पाहिले आहेत, आणि मागच्या रांगेत त्याची बायको मूल मांडीवर घेऊन बसलेलीही पाहिली आहे. त्या सभेतून ती घरी जाऊन काय करते, हे कुठल्याच इतिवृत्तात येत नाही.

योहानाने काय केले, ते सुदैवाने कागदावर आहे. थिओ भावाच्या मृत्यूनंतर सहा महिने जगला. २५ जानेवारी १८९१ रोजी, तेहेतिसाव्या वर्षी, तोही गेला. योहाना अठ्ठावीस वर्षांची, मूल एक वर्षाचे, आणि पदरी शेकडो चित्रे, ज्यांना बाजारात किंमत नाही. सल्ला देणाऱ्यांनी सांगितले, यांची विल्हेवाट लावा. तिने ती सगळी हॉलंडला नेली. बुसम गावी घर घेऊन खानावळीसह भाडेकरू ठेवले, भिंतींवर व्हिन्सेंट टांगला, आणि उरलेल्या वेळात पैशासाठी भाषांतरे केली. थिओने मूल दिले तसे हे कामही आपल्याला दिले आहे, अशी तिने रोजनिशीत नोंद केली.

थिओच्या संसाराची हिशेबवही होती. तीच तिने पुढे चालवली. ज्या वहीत घरखर्च, त्याच वहीत विकलेले चित्र आणि आलेली रक्कम. ही वही टिकली आणि २००२ साली छापूनही आली. चित्रकलेच्या इतिहासाला एवढा उपयोगी पडलेला घरखर्चाचा दुसरा दस्तऐवज असेल असे आम्हांला वाटत नाही. तीतून दिसते ती भाबडी विधवा नव्हे, धोरणी बाई आहे. प्रदर्शनात ती विकायच्या चित्रांशेजारी न विकायची उत्तम चित्रे लावी. सगळा माल एकदम बाजारात ओतला नाही. थोडे थोडे, जागा पाहून, गिऱ्हाईक पाहून. आयुष्यभरात दोनशेच्या आसपास चित्रे विकली, आणि एक मोठा साठा मुद्दाम राखला. ॲम्स्टरडॅमचे आजचे व्हॅन गॉग संग्रहालय, जे १९७३ साली उघडले, ते त्या राखलेल्या साठ्यावर उभे आहे.

जाणकार पुरुषांनी आधी तिला हसण्यावारी नेले. रोलांड होल्स्ट या चित्रकाराने ती भावनेच्या भरात पोरकट बोलते अशा अर्थाचे लिहिले. त्यानेच पुढे १८९२ साली ॲम्स्टरडॅमला व्हिन्सेंटचे प्रदर्शन भरवले. १९०५ साली योहानाने ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाची दालने स्वतः भाड्याने घेऊन ४८० हून अधिक चित्रे-रेखाटने मांडली. बीबीसीच्या लेखकाला व्हिन्सेंटच्या स्तुतीचे दालन दाखवायचे होते ना, ते हे दालन. भाडे भरणारीचे नाव योहाना.

त्याच वर्षाची आणखी एक नोंद आम्ही विशेष आनंदाने करतो. योहाना हॉलंडच्या सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्षाची सभासद होती, आणि १९०५ सालीच ॲम्स्टरडॅममध्ये त्या पक्षाचे स्त्रियांचे प्रचारमंडळ स्थापणाऱ्यांत ती होती. बोरिनाजच्या पोती वाहणाऱ्या बायका जिच्या घरी कागदावर होत्या, तिने त्यांचा अर्थ नीट वाचला होता, असे म्हणायला जागा आहे.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की ओव्हेरच्या चर्चचे ते चित्र, ज्यात डॉक्टरला राक्षस दिसला, ते योहानाच्या साठ्यातले नव्हे. ते गाशे कुटुंबाकडे होते आणि १९५१ साली फ्रान्सच्या सरकारी संग्रहात आले. पण त्या चित्रापुढे उभा राहून जाणकार जे बोलतो, की या माणसाने आपल्या यातनांतून सौंदर्य घडवले, ते जगाला कळले कुठून? पत्रांतून. ती पत्रे थिओने जपली आणि योहानाने छापली. व्हिन्सेंटने तारखा क्वचितच घातल्या होत्या. ती पत्रे तिने लावली, वाचली, उतरून काढली. आणि घाई केली नाही. चित्रे लोकांना कळण्याआधी माणसाच्या दुर्दैवाची चर्चा सुरू होणे हा मृतावर अन्याय होईल, असे तिचे म्हणणे होते, म्हणून ती वीसहून अधिक वर्षे थांबली. १९१४ साली पत्रांचे तीन खंड निघाले. त्याच साली तिने थिओची अस्थी उत्रेख्तहून ओव्हेरला नेऊन भावाशेजारी पुरवल्या. तिथे आज दोन सारख्या दगडांवर एकच वेल पसरलेला आहे. या पत्रांवरूनच अर्व्हिंग स्टोनने १९३४ साली कादंबरी लिहिली, १९५६ साली तिचा चित्रपट झाला, आणि ज्या व्हिन्सेंटला पाहून २०१० साली आमची मुले रडली, तोही त्याच घराण्यातला.

१९२४ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीसाठी सूर्यफुलांचे चित्र मागितले गेले. योहानाने आधी नाही म्हटले. रोज डोळ्यांपुढे असलेले चित्र घरातून जाऊ द्यायचे तिच्या जिवावर आले. मग दिले, व्हिन्सेंटच्या नावासाठी म्हणून दिले, आणि हा त्याग आहे असे कळवलेही. (१९८७ साली सूर्यफुलांचेच दुसरे एक चित्र लंडनच्या लिलावात जवळजवळ अडीच कोटी पौंडांना गेले. त्याचे काय करायचे ते श्रोत्यांनी ठरवावे. आम्ही महिना दीडशे फ्रँकांच्या हिशेबात गुंतलो आहोत.)

या वयात ती पत्रांचे इंग्रजी करीत होती. १९१६ ते १९१९ न्यूयॉर्कला राहिली तेव्हाही आणि परत आल्यावरही ते काम चालू होते, कारण इंग्रजीत गेल्याशिवाय हा माणूस जगाचा होणार नाही, असा तिचा अंदाज होता. २ सप्टेंबर १९२५ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ती वारली. तेव्हा ती पत्र क्रमांक ५२६ पर्यंत आली होती.